गोदामाचे कुलूप वारंवार का तुटते, का अडकते आणि नवे घेण्यापूर्वी काय तपासावे

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसी, चिंचोळी, होटगी रोड आणि शहराच्या पूर्व भागात ज्यांचे गाळे किंवा गोदामे आहेत, त्यांच्याकडून एक तक्रार सतत ऐकू येते. कुलूप तुटले म्हणून त्याहून मोठे आणले, काही महिन्यांनी तेही तुटले. आणि जे तुटले नाही ते उन्हाळ्यात भर दुपारी, माल भरायला टेम्पो दारात उभा असताना, उघडेनासे झाले. सुताच्या गोण्या, चादरी-टॉवेलचे गठ्ठे, यंत्रमागाचे सुटे भाग असा माल रात्रंदिवस एका कुलपाच्या भरवशावर ठेवणाऱ्या माणसाला हा त्रास किती मनस्ताप देतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. गाळ्यांच्या देखभालीचे काम करताना अशी बरीच तुटलेली कुलपे मी हाताळली आहेत आणि त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, एकाच गोदामाचे कुलूप दुसऱ्यांदा तुटते तेव्हा दोष बहुधा कुलपाच्या आकारात नसतो. पहिल्या वेळी नेमके काय निकामी झाले हे कोणी पाहिलेलेच नसते.

म्हणून दुकानात जाण्याआधी तुटलेले कुलूप आणि त्याच्या आजूबाजूची जागा नीट पाहावी. चोरी झाली असेल तर पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नये, मात्र जागेची जवळून छायाचित्रे घेऊन ठेवावीत. पंचनामा झाल्यावर, जर ते तुकडे पोलिसांनी ताब्यात घेतले नसतील, तर ते भंगारात न टाकता एका पिशवीत घालून ठेवावेत. कुलूप कसे तुटले हे त्या तुकड्यांवर स्पष्ट उमटलेले असते.

कुलपाची वाकडी दांडी तुटलेली असेल तर तिचे तुटलेले टोक उजेडात धरावे. दोन्ही बाजूंनी चेपत आलेले दोन तिरपे पृष्ठभाग मधोमध एका धारेवर मिळत असतील, तर दांडी बोल्ट कटरने कापली आहे. टोक सपाट व चकचकीत असेल, त्यावर बारीक समांतर रेघा असतील आणि कडेला उष्णतेची निळसर झाक असेल, तर तिथे ग्राइंडर चालला आहे. रेघा आहेत पण निळसर झाक नाही आणि काप किंचित वेडावाकडा आहे, तर हाताच्या करवतीचे काम समजावे. दांडी अखंड आहे, परंतु कुलपाच्या पोटातून उपटून निघाली आहे व जिथे ती शिरते ते तोंड फाकले आहे, तर कटावणी घालून पिळले आहे किंवा वरून हातोड्याचे घाव घातले आहेत. कुलूप धडधाकट असून कोयंड्यासकट जमिनीवर पडलेले सापडले, तर कुलपाला बोल लावण्याचे कारणच नाही. आणि कुठेही ओरखडा नसताना कुलूप उघडलेले मिळाले, तर प्रश्न किल्लीचा आहे किंवा कुलपाच्या आतील खटक्याचा आहे. यांपैकी प्रत्येक प्रकारावर उपाय निराळा आहे. कोयंडा तुटलेल्या दारावर दुप्पट किमतीचे कुलूप लावल्याने काहीच साधत नाही.

कोयंड्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या पाहण्यात सर्वाधिक दुर्लक्ष त्याच्याकडे होते. 'कडीकोयंडा तोडून ऐवज लंपास' ही बातमी वर्तमानपत्रात आपण सतत वाचतो, तरी दारावरच्या पितळी कुलपाकडे कौतुकाने पाहताना त्याच्या मागचा कोयंडा कशाला चिकटला आहे, हे पाहण्यासाठी कोणी वाकत नाही. एका गाळ्याच्या शटरवरून निघालेला कोयंडा मी हातात घेऊन पाहिला होता. १० मिलिमीटरच्या सळीचा तो चांगला जाड कोयंडा होता. परंतु शटरच्या खालच्या पट्टीला तो केवळ दोन ठिकाणी वेल्डिंगचे टाके देऊन चिकटवला होता. एक टाका जिथे सुटला तिथला अर्धा भाग तांबूस गंजलेला आणि अर्धा ताजा, चांदीसारखा होता. गंजलेला भाग सांगत होता की तिथे तडा फार आधीपासून होता. शटर रोज आपटत खाली येताना बसणाऱ्या हादऱ्यांनी तो वाढत गेला आणि उरलेला अर्धा जोड चोराने एका हिसक्यात तोडला. दुसरा टाका तर पट्टीला धरलेलाच नव्हता. तो जस्ताच्या थरावर नुसता बसला होता.

जस्त चढवलेल्या पत्र्यावर किंवा पट्टीवर कोयंडा जोडायचा असेल, तर जोडाच्या जागेवरील जस्ताचा थर आधी घासून काढावा लागतो. तो तसाच ठेवून वेल्डिंग केल्यास जोडात बुडबुडे राहतात, जोड पोकळ होतो आणि निघणारा पांढरा धूर कारागिराच्या छातीला बाधतो. फॅब्रिकेशनवाल्याला हे ठाऊक असते, पण घाईच्या कामात ते राहून जाते. म्हणून काम चालू असताना स्वतः उभे राहावे. कोयंडा वरून चिकटवू नये. १२ ते १६ मिलिमीटर जाडीचा गज इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवावा, त्याचे दोन्ही पाय जाड पट्टीतील भोकांतून आरपार न्यावेत आणि आतल्या बाजूने सर्व बाजूंनी भरून वेल्डिंग करावे. असा कोयंडा ओढला तर ओढ टाक्यावर न येता पूर्ण पट्टीवर येते. शटरच्या पत्र्याच्या पट्ट्या साधारणपणे १८ किंवा २० गेजच्या, म्हणजे सव्वा ते एक मिलिमीटरच्या आसपास जाड असतात, त्यामुळे त्यांवर कोयंडा कधीही जोडू नये. तो नेहमी सर्वांत खालच्या जाड पट्टीवर किंवा तिच्या मागे लावलेल्या अँगलवर असावा.

जमिनीतील किंवा भिंतीतील जोडीदार कोयंडाही तितकाच महत्त्वाचा आहे. फरशीत सिमेंटचा गोळा थापून बसवलेला हूक कटावणीने सहज उखडला जातो. त्याचे पाय खाली फाकवून काँक्रीटमध्ये खोल गाडलेले असावेत. शटर एकाच बाजूला किंवा फक्त मधोमध कुलूपबंद असेल, तर मोकळ्या कोपऱ्यात कटावणी घालून पट्टी वाकवतात आणि माणूस सरपटत आत जाईल एवढी फट करतात. 'शटर उचकटले' असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा हेच घडलेले असते. त्यामुळे दोन्ही टोकांना एकेक कुलूप असणे हे मधल्या एका अवजड कुलपापेक्षा केव्हाही चांगले.

जुन्या पेठांमधील वाड्यांच्या तळघरात किंवा लाकडी दारांच्या खोल्यांत माल ठेवणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. तिथे कडी स्क्रूंनी बसवलेली असते आणि वर्षानुवर्षे वाळलेल्या लाकडात स्क्रूची पकड राहत नाही. स्क्रूऐवजी दारातून आरपार जाणारे बोल्ट घालावेत, आतल्या बाजूला किमान तीन मिलिमीटर जाडीची पट्टी देऊन त्यावर नट आवळावेत आणि बोल्टची टोके ठोकून बसकी करावीत. कडी अशी निवडावी की ती बंद केल्यावर बोल्टांची डोकी तिच्या पानाखाली झाकली जातील. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांच्या खिळी ठोकून काढता येणार नाहीत, अशा रीतीने वर-खाली वेल्डिंगचा एकेक थेंब द्यावा. अन्यथा कुलूप जागच्या जागी राहते आणि दार दुसऱ्या बाजूने उघडते.

इतके झाल्यावर कुलपाकडे वळावे.

दुकानात कुलूप मागताना आपण "पासष्टचे द्या", "पंचाहत्तरचे द्या" असे म्हणतो. हा आकडा कुलपाच्या अंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दांडी किती जाड आहे, हे त्यावरून कळत नाही. रुंद अंगाचे आणि बारीक दांडीचे कुलूप बाजारात भरपूर मिळते आणि दिसायला ते भारदस्त असते. बोल्ट कटर मात्र दांडीवर चालतो. गोल दांडीचे क्षेत्रफळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ६ मिलिमीटरच्या दांडीपेक्षा १२ मिलिमीटरच्या दांडीत चौपट पोलाद कापावे लागते. साध्या मऊ लोखंडाची ६ ते ८ मिलिमीटरची दांडी हातातल्या मध्यम बोल्ट कटरला जड जात नाही. गोदामासाठी दांडी १० मिलिमीटरपेक्षा बारीक घेऊ नये आणि कोयंड्याचे भोक परवानगी देत असेल तर १२ ची घ्यावी, असे माझे मत आहे. खरेदीपूर्वी कोयंड्याच्या भोकात ड्रिलचे वेगवेगळ्या मापाचे बिट घालून भोकाचे माप घ्यावे. भोक २० मिलिमीटरचे आणि दांडी १० ची असे असेल, तर उरलेल्या मोकळ्या जागेत सळी घालून पिळता येते.

जाडीइतकाच प्रश्न पोलादाच्या कठीणपणाचा आहे. दांडीवर 'हार्डन्ड' असे कोरलेले असते. ते खरे आहे का, हे एका साध्या कानशीने कळते. दांडीच्या आतल्या, नजरेआड राहणाऱ्या बाजूवर कानस हलकेच चालवावी. पोलाद कठीण असेल तर कानस घसरते आणि धरत नाही, मऊ असेल तर लगेच चरा पडून चकाकी दिसते. दुकानदाराला विचारूनच हे करावे. बहुतेक दुकानदार नकार देत नाहीत. जो देतो, त्याच्याकडून नमुना म्हणून एकच कुलूप घेऊन घरी तपासावे आणि मगच बाकीची घ्यावीत. सोबत छोटे लोहचुंबक ठेवावे. पितळी म्हणून विकल्या जाणाऱ्या कुलपाच्या अंगाला चुंबक चिकटले, तर ते लोखंडावर पितळी मुलामा दिलेले आहे. चकचकीत स्टेनलेस स्टीलच्या दांडीबद्दलही गैरसमज आहे. ती गंजत नाही हे खरे. पण नेहमीच्या वापरातले स्टेनलेस स्टील कठीण केलेल्या पोलादाइतके कठीण नसते आणि कापायला सोपे जाते. मुंबई-कोकणातील खाऱ्या दमट हवेत पितळ व स्टेनलेसचा आग्रह योग्य ठरतो. आपल्या कोरड्या हवेत गंजापेक्षा धूळ मोठी शत्रू आहे, तेव्हा गंजरोधक म्हणून मऊ दांडी पत्करण्यात सोलापूरच्या माणसाचे हित नाही.

मग लिव्हरचे काय, असा प्रश्न येतो, कारण आपल्याकडे कुलपाची पारख लिव्हरच्या संख्येवरूनच करण्याची पद्धत आहे. लिव्हर म्हणजे कुलपाच्या पोटातील पातळ पट्ट्या. योग्य किल्ली प्रत्येक पट्टीला नेमक्या उंचीवर उचलते, तेव्हाच खटका सरकतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन याने १७७८ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले आणि आज महाराष्ट्रात घरोघरी दिसणारी 'नवताल' प्रकारची कुलपे याच तत्त्वावर चालतात. लिव्हर जितके जास्त, तितके परक्या किल्लीने किंवा वाकवलेल्या तारेने कुलूप उघडणे अवघड. अर्थात अवघड म्हणजे अशक्य नव्हे. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनाच्या काळात आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपकाराने त्या काळी अभेद्य समजली जाणारी चब आणि ब्रामा या कंपन्यांची कुलपे उघडून दाखवली होती. आपल्या मुद्द्यापुरते एवढेच लक्षात घ्यावे की, लिव्हर सहा असोत की आठ, बोल्ट कटरने दांडी कापणाऱ्याचा लिव्हरशी संबंधच येत नाही. खोक्यावरील लिव्हरचा आकडा वाचण्याआधी दांडी पाहावी.

त्यानंतर पाहावे ते कुलूप बंद होण्याची पद्धत. नुसते दाबून 'खट्' होणाऱ्या स्वस्त कुलपांत दांडीचे एकच टोक स्प्रिंगच्या खटक्याने धरलेले असते. दांडीच्या कडेने पातळ पत्रा सरकवून असा खटका मागे ढकलता येतो आणि ओरखडाही उमटत नाही. यावर दोन उत्तरे आहेत. किल्ली फिरवल्याशिवाय बंदच होत नाही, असे कुलूप घ्यावे, किंवा दांडीची दोन्ही टोके पोलादी गोळ्यांनी अडकवणारे घ्यावे. दुकानदार त्याला 'डबल लॉकिंग' म्हणतात. उघडी दांडी वर उचलून पाहिल्यास तिच्या दोन्ही पायांवर खाचा दिसतात, ती याची खूण. दोन्ही टोके धरलेली असली म्हणजे दांडी एका जागी कापूनही ती फिरवून काढता येत नाही, दुसऱ्या जागीही कापावी लागते. कुलूप बंद केल्याशिवाय किल्ली बाहेर निघत नाही, अशी सोय असलेले कुलूप गोदामाला विशेष उपयोगी पडते, कारण संध्याकाळी घाईत कुलूप नुसते अडकवून जाण्याची शक्यताच उरत नाही.

दांडी शक्य तितकी आखूड असावी. लांब दांडीत कटावणी शिरते आणि बोल्ट कटरचा जबडा आरामात बसतो. दांडीला दोन्ही बाजूंनी खांदे असलेले, किंवा दांडी जवळजवळ पूर्ण पोटात लपवणारे चपटे गोल कुलूप उत्तम. फक्त त्याच्या मापाचा कोयंडा करून घ्यावा लागतो. जुना कोयंडा बदलायचा नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून पाच मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची, खालून उघडी, पेटी कुलपाभोवती लावून घ्यावी. हात आणि किल्ली खालून जातील, परंतु कटरचा लांब जबडा जाणार नाही, एवढीच जागा तिच्यात ठेवावी. माझ्या मते थोड्या खर्चात याहून चांगला फरक पाडणारे दुसरे काम नाही. पेटीचे वेल्डिंग चालू असताना कुलूप मात्र काढून ठेवावे, कारण उष्णतेने दांडीचा कठीणपणा उतरतो आणि उडालेले थेंब किल्लीच्या भोकात बसतात.

भारतीय मानक ब्यूरोचे कुलपांसाठी आयएस २७५ हे मानक आहे आणि युरोपात ईएन १२३२० या मानकानुसार कुलपांना १ ते ६ अशा चढत्या श्रेणी दिल्या जातात. परदेशी बनावटीच्या किंवा निर्यातीच्या कुलपांच्या खोक्यावर ही श्रेणी छापलेली दिसते. ती असेल तर निवड सोपी होते. नसेल तर वर सांगितलेली कानस, चुंबक आणि मोजपट्टी यांवर विसंबावे.

आता ओरखडा न उमटता उघडलेल्या कुलपाकडे येऊ. इथे प्रथम स्वतःच्या किल्ल्यांची शिरगणती करावी. गोदामाची किल्ली मालकाकडे, दिवाणजीकडे, वॉचमनकडे आणि कधी माल उतरवणाऱ्या मुकादमाकडेही असते. काम सोडून गेलेल्या माणसाने किल्ली परत केली, एवढ्याने भागत नाही, कारण मधल्या काळात तिची प्रत निघाली नसेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. कोणावर संशय घेण्याचा हा प्रश्न नाही. किल्ली ज्याच्याकडे होती त्याने काम सोडले की कुलूप बदलायचे, असा नियमच असला म्हणजे कोणाला वाईट वाटत नाही. काढलेले कुलूप आतल्या कपाटाला लावता येते. किल्लीवर कोरलेला क्रमांक नोंदवहीत लिहून किल्लीवरून घासून टाकावा, आणि किल्लीच्या जुडग्याला गाळ्याचा क्रमांक किंवा दुकानाचे नाव लिहिलेली चकती कधीही लावू नये. स्वस्त कुलपांबाबत आणखी एक तपासणी आवर्जून करावी. अशा कुलपांत किल्ल्यांचे नमुने मोजकेच असतात, त्यामुळे एकाच दुकानातून घेतलेल्या एकाच प्रकारच्या दोन कुलपांना एकच किल्ली लागल्याची उदाहरणे आढळतात. शेजारच्या गाळ्याला तेच कुलूप असेल, तर त्यांच्या परवानगीने आपली किल्ली तिथे लावून पाहावी.

कुलूप अडकण्याचा त्रास चोरीइतका गंभीर नसला, तरी रोजचा आहे, आणि पुष्कळदा तोच पुढच्या चोरीचे कारण होतो. कारण उघडायला त्रास देणारे कुलूप माणसे दुपारच्या वेळी लावतच नाहीत. दोष शोधण्याचा क्रम असा ठेवावा. आधी घरी ठेवलेली, न वापरलेली मूळ किल्ली आणून लावावी. तिने कुलूप अलगद उघडले, तर रोजची किल्ली झिजली आहे. प्रतीवरून प्रत काढत गेल्यास प्रत्येक वेळी थोडी चूक वाढते, म्हणून नवी किल्ली नेहमी मूळ किल्लीवरूनच करून घ्यावी. दोन्ही किल्ल्या अडखळत असतील तर कुलूप दारावरून काढून हातात घेऊन उघडझाप करून पाहावे. हातातही अडत असेल तर आत घाण आहे. हातात व्यवस्थित चालते आणि दारावर अडते, तर दोष दाराचा आहे.

हा शेवटचा प्रकार आपल्या उन्हाळ्यात फार आढळतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या शटरचा पत्रा हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापतो. एक मीटर पोलाद एका अंशाला सुमारे ०.०१२ मिलिमीटरने वाढते. या हिशेबाने तीन मीटर रुंदीची पट्टी सकाळपेक्षा दुपारी २५ अंशांनी तापली, तर ती जवळजवळ एक मिलिमीटरने लांबते. शटरवरील आणि फरशीवरील कोयंडा एकमेकांना चिकटून असतील, तर एवढ्या फरकानेही दांडीवर ताण येतो, खटका दबतो आणि किल्ली फिरत नाही. सकाळी उघडणारे कुलूप दुपारी अडते, याचे कारण एवढेच असते. अशा वेळी किल्लीवर जोर करू नये, ती आतच तुटते. एकाने शटर पायाने खाली दाबून धरावे, गरज पडल्यास किंचित बाजूला ढकलावे आणि दुसऱ्याने किल्ली फिरवावी. कायमच्या उपायासाठी एका कोयंड्याचे भोक आडव्या दिशेने दोन मिलिमीटर लांबट करून घ्यावे. भोक सगळीकडून मोठे करू नये. त्याने सळी घालायला जागा होते.

आतील घाणीचे कारण इथे बहुधा सुताची तूस असते. यंत्रमागाच्या शेडमध्ये हवेत उडणारी ही बारीक तूस कुलपाच्या भोकात जाते. त्यात कोणी खोबरेल तेल किंवा मशिनचे तेल सोडले, की तूस आणि धूळ मिळून लिव्हरच्या पट्ट्यांमध्ये घट्ट लगदा तयार होतो. तेल घातल्यावर कुलूप चार दिवस छान चालते आणि महिन्याभरात पूर्वीपेक्षा वाईट होते, हा अनेकांचा अनुभव यामुळेच आहे. पंक्चरवाल्याकडे कुलूप नेऊन भोकातून आणि दांडीच्या जागेतून दाबाची हवा मारून घ्यावी. तेलाचा लगदा असेल तर कुलूप रॉकेलमध्ये बुडवून, किल्ली फिरवत आतील घाण सोडवावी आणि पूर्ण वाळवावे. हे करताना जवळपास विस्तव नसावा आणि हे काम सुताच्या गोदामात कदापि करू नये. वाळल्यानंतर भोकात ग्राफाइटची पूड फुंकावी. ती न मिळाल्यास पेन्सिलीचे शिसे किल्लीच्या दातांवर घासून ती काही वेळा आतबाहेर करावी. ग्राफाइटवर पुन्हा तेल सोडू नये, कारण दोघांचा चिखल होतो. भोकावर सरकते झाकण असलेले कुलूप घेतल्यास आणि झाकण बंद करण्याची सवय लावल्यास ही साफसफाई वर्षातून दोनदा पुरते: एकदा उन्हाळ्याच्या शेवटी आणि एकदा दिवाळीपूर्वी.

ग्राइंडरविषयी मुद्दाम शेवटी लिहितो. बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे कायमचे टिकेल, असे कोणतेही कुलूप नाही. तो किती वेळ घेईल आणि किती आवाज करील, एवढेच आपल्या हातात असते. तेव्हा ज्यांच्या तुकड्यांवर निळसर झाक सापडली आहे, त्यांनी महागड्या कुलपावर खर्च करण्याऐवजी दारावर रात्रभर दिवा, हादरा बसताच भोंगा वाजवणारे कुलूप आणि शेजाऱ्यांशी ठरवून केलेली पाळत, यांवर खर्च करावा. ही दक्षता सुट्ट्यांच्या काळात अधिक हवी. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो त्या दिवशी आणि दिवाळीत कारखाने बंद असतात तेव्हा, एमआयडीसीच्या रस्त्यांवर आवाज ऐकायलाही कोणी नसते. दोन-चार गाळेधारकांनी मिळून रात्रीच्या फेऱ्या वाटून घेतल्या, तर खर्च जवळपास शून्य आहे. संशयास्पद काही दिसल्यास स्वतः पुढे न जाता ११२ वर कळवावे.

विमा उतरवलेल्यांनी पॉलिसीतील एक अट काढून वाचावी. घरफोडीच्या विम्यात भरपाईसाठी सामान्यतः बळजबरीने प्रवेश केल्याच्या खुणा असाव्या लागतात. ओरखड्याविना उघडलेल्या कुलपाचा दावा याच ठिकाणी अडकतो, आणि किल्लीने उघडून झालेली चोरी, ती किल्ली धमकावून किंवा जबरदस्तीने घेतलेली नसेल, तर बहुधा भरपाईबाहेर राहते. म्हणून पत्र्याने सरकवता येणारे दाबाचे कुलूप गोदामावर असणे दुहेरी तोट्याचे आहे. नवे कुलूप बसवल्यावर त्याची पावती, कोयंड्याच्या कामाचे बिल आणि दोन्हींची बसवलेल्या स्थितीतील छायाचित्रे विम्याच्या कागदांसोबत ठेवावीत. दुसरी किल्ली गोदामाच्या टेबलाच्या खणात न ठेवता घरी ठेवावी.